बाईंचे ठिपके

"मागची बाजू कोरी आहे का?"

कुठलाही कागद हातात आला की बाई आधी हे विचारायच्या. मग ते साहेबांचं पत्र असो नाहीतर मिठाईच्या खोक्याचं झाकण. उत्तर मिळेपर्यंत कागद उलटलेला असायचा आणि त्यावर पेन्सिलीचे ठिपके पडायला लागलेले असायचे. मग ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा.

मी सांगलीहून चेन्नईला आले, ती अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात. तिथे लिफ्टच्या पॅनेलसाठी सर्किट बोर्ड बनत. हिरव्या पाटीवर तांब्याच्या बारीक रेघा असतात, तुम्ही पाहिल्या असतील. त्या कुठून कुठे न्यायच्या हे ठरवणं आमच्या विभागाचं काम, आणि विभाग म्हणजे बाई. पन्नाशी उलटलेल्या, उंच, केसांत रोज ताजा मोगरा. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं, तर त्या चक्क मराठीत म्हणाल्या, "मॅडम नको गे. बाई म्हण. तू आलीस, बरं जालं."

त्यांचं घराणं तंजावरचं. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून जपलेलं ते मराठी जुनं होतं, हेल पुरता तमिळ, आणि बोलण्यात अधूनमधून 'सरी', म्हणजे ठीक. मला सुरुवातीला हसू यायचं. त्यांना माझं ऐकून दया यायची. "तुझं मराठी फार घाईचं आहे गे. कोण मागे लागलंय?"

नव्या माणसाला त्या एक कोडं घालत. तीन घरं. पाणी, वीज आणि गॅस अशी तीन ठिकाणं. प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक घरापर्यंत रेघ न्यायची, पण कुठलीही रेघ दुसरीला छेदता कामा नये. मी जेवणाची सुट्टी त्यात घालवली. डबा तसाच राहिला.

"नाही येत?"

"एकच रेघ राहते बाई. शेवटची."

"राहणारच. ते होणारं नाही. कधीच सिद्ध जालंय."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर नुसतं ऐकलं असतंस. आता बघितलंस." मग त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने कागदाला भोक पाडलं, रेघ त्यातून मागच्या बाजूला नेली आणि पलीकडून वर काढली. आमचे सगळे बोर्ड याच युक्तीवर चालत. वरून वाट नसेल तर खालून जायचं.

या विद्येला गणितात ग्राफ थिअरी म्हणतात. ठिपके म्हणजे वस्तू किंवा माणसं, रेघा म्हणजे त्यांच्यातले संबंध. रेघ किती लांब, किती वाकडी, याला महत्त्व नाही; कोण कोणाला जोडलंय एवढंच बघायचं. बाईंना ती कॉलेजात भेटली आणि मग कुठेही दिसायला लागली. त्यांची भावजय शाळेत शिकवायची, तिला परीक्षेचं वेळापत्रक बाई करून देत. प्रत्येक विषय एक ठिपका. ज्या दोन विषयांना एकच मूल बसणार, त्यांच्यामध्ये रेघ. मग ठिपके रंगवायचे, रेघेने जोडलेल्या दोघांना एक रंग द्यायचा नाही. एका रंगाचे सगळे पेपर एका दिवशी. जितके कमी रंग, तितकी परीक्षा लवकर उरकते.

हे त्यांच्या धाकट्या भावाच्या लक्षात राहिलं असावं. चेन्नईतच तिरुवल्लिकेणीत राहणारा हा भाऊ एका दुपारी कारखान्यात आला, तो रडवेला होऊन. मुलीचं लग्न ठरलं होतं. घरातल्या मागच्या लग्नात दोन काका भरल्या पानावरून उठून गेले होते. "या खेपेस तसं जालं तर मुलीच्या सासरी तोंड कसं दाखवू?"

बाईंनी लग्नाची पत्रिका उलटी केली. प्रत्येक नातेवाईक एक ठिपका, बोलत नाहीत त्यांच्यामध्ये रेघ. भाऊ सांगत गेला आणि पत्रिकेची मागची बाजू कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसायला लागली. हॉल लहान, टेबलांच्या रांगा तीन, म्हणून रंग तीनच. सगळं जमलं, एक आत्या सोडून. तिचं तिन्ही रंगांत कोणाशी ना कोणाशी वाकडं होतं.

"हिला वेगळा हॉल घ्यावा काय?" भाऊ म्हणाला.

बाईंनी विचार केला. "नवरीच्या शेजारी बसव. तिथे फोटो काढतात. ती भांडणार नाही."

भाऊ हसत गेला. मी पत्रिका बघत होते. "बाई, तुमचा ठिपका कुठे आहे?"

"मी वाढायला आहे."

मी तशीच बघत राहिले तेव्हा त्यांनी सांगितलं. थोरली बहीण तंजावरला दिलेली. अक्काने आपल्या धाकट्या दिरासाठी बाईंना मागणी घातली होती. साखरपुड्याच्या सकाळी बाईंनी नकार दिला. "मी नको म्हटलं आणि कॉलेजात निघून गेले. अक्काला त्याच घरात राहायचं होतं. रोज सासूसमोर." तेव्हापासून अक्का त्यांच्याशी बोलली नव्हती. बाईंनी पुढे लग्न केलंच नाही.

लग्नाला मी गेले. काका लोक आपापल्या रंगात नीट जेवत होते. आत्या नवरीपेक्षा जास्त फोटोंत होती. बाई रेशमी साडीचा पदर खोचून रसमची बादली घेऊन फिरत होत्या. माझ्या शेजारच्या पानावर एक भारदस्त, वयस्कर स्त्री होती, नाकात मोठी हिऱ्याची चमकी, मान ताठ. बाई आमच्या रांगेत वळल्या आणि त्यांची चाल मंदावली, तेव्हा मला कळलं ही कोण.

अक्काने रसम वाढून घेतलं. एक घास खाल्ला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला सांग, रसमला मीठ कमी आहे."

मी सांगायची गरज नव्हती. बाईंनी धावत जाऊन मीठ आणलं आणि पानाच्या कोपऱ्यात वाढलं. थोडं टेबलावर सांडलं.

"आणि हिला सांग," अक्का पानाकडे बघत म्हणाली, "जेव म्हणावं आता. केव्हाची उभी आहे."

बाई शेवटच्या पंगतीत वाढप्यांबरोबर जेवल्या. अक्का समोर खुर्ची ओढून बसून राहिली. बाईंनी पान स्वच्छ केलं, रसमसुद्धा.

सोमवारी कारखान्यात त्या बराच वेळ काही न काढता बसल्या होत्या. "ती रेघ पक्की समजून चालले मी," एवढंच म्हणाल्या. "इतकी वर्षं तपासलीच नाही."

पुढे अक्का घरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नवरा नव्हता, मुलगा परदेशात. बाईंनी निवृत्तीची वाट न पाहता राजीनामा दिला. साहेबांनी थांबवायचा प्रयत्न केला, पगाराचं, मोठ्या पदाचं बोलून पाहिलं. बाई म्हणाल्या, "सरी, पण तंजावरची गाडी रात्रीची आहे." निघताना मला म्हणाल्या, "डबा वेळेवर खात जा." त्यांच्या टेबलावर मी बसू लागले. पहिले काही दिवस कोणी कागद पुढे केला की मीही तो उलटा करून बघायची, आणि काय काढायचं ते सुचायचं नाही.

फोनवर त्या कमी बोलत. एका रविवारी दुपारी मी फोन केला, तर जाड, हुकमी आवाज आला. अक्का.

"ती निजली आहे. उठवत नाही."

"नको, नको. सहज केला होता."

"तू ती सांगलीची नं? जेवलीस?" आणि मी हो म्हणायच्या आत तिने तक्रार सुरू केली. "माझं घर बिघडवलं गे हिनं. तांदळाचा डबा होता तिथे पाण्याची घागर. देवघर हलवलं. माझी खाट कुठल्या कुठे. हातात खडू घेऊन जमिनीवर ठिपके मारत फिरली चार दिवस. विचारलं तर म्हणते, तुला कमी चालावं लागेल."

"मग? कमी चालावं लागतं का?"

तिने फोन तोंडाजवळ ओढला असावा.

"लागतं," अक्का हळूच म्हणाली. "पण तिला सांगू नको."