त्याच्या नावाचे गुलगुले

वाशीमच्या थेरपी केंद्रात आनंद साजरा करायची एक रीत होती. ज्या लेकराला काही नवीन जमलं, त्याच्या घरचे पुढच्या खेपेला खाऊ आणायचे आणि तो त्या लेकराच्या नावानं वाटला जायचा. जमलं म्हणजे काय, तर मान सावरली, हातात पेला धरला, आधार सोडून उभं राहिलं. दुसऱ्यांच्या घरी ज्या गोष्टी कधी झाल्या हे कुणाच्या लक्षातही राहत नाही, त्यांच्यासाठी आमच्याकडे जिलेबी यायची, थंडीत कुणी तुरीच्या शेंगा उकडून आणायचं. एक आजी होत्या. त्यांच्या नातीनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं घास तोंडात घातला, तेव्हा त्या मोठा डबा भरून शिरा घेऊन आल्या आणि वाटता वाटता रडत बसल्या. बाकीच्या आया त्यांना हसत होत्या आणि स्वतःचेही डोळे पुसत होत्या.

मी मात्र तो शिरा गिळताना मनातल्या मनात चरफडत होते. खोटं कशाला सांगू? त्या खोलीत माझा मुलगा एकटाच असा होता, की ज्याला सगळं आधी जमत होतं आणि आता एकेक सुटत चाललं होतं. त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार. नागपूरच्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. आधी पाय जातील, मग हात, पुढे श्वासही. अशी मुलं फार वर्षं जगत नाहीत, आईबापांच्या डोळ्यांदेखत जातात, हेही सांगितलं. व्यायाम करायचा तो फक्त हे सगळं जरा हळू व्हावं म्हणून. तरी शेलूबाजारहून आम्ही दर शनिवारी जीपनं जायचो. थेरपीच्या मॅडम त्याच्या पोटऱ्या ताणून द्यायच्या, आणि मागच्या महिन्याएवढंच जमतंय म्हणाल्या की मला तेवढ्यानंही हायसं वाटायचं. पण मागच्याएवढं जमलं म्हणून कुणी जिलेबी वाटतं का?

त्याला आजाराचं नाव माहीत होतं, शेवट माहीत नव्हता. दुसऱ्यांचा खाऊ खाऊन परत येताना तो जीपमध्ये हमखास विचारायचा, "आई, आपला नंबर कवा येईन?"

"येईन ना. तू व्यायाम नीट करत जाय."

"करून तर राह्यलो."

खरंच करत होता. कुरकुर नाही, रडणं नाही. त्याच्या पाचवीनंतरच्या उन्हाळ्यात चालणं थांबलं आणि घरात चाकांची खुर्ची आली. त्यानंतर त्यानं नंबराचं विचारणं सोडून दिलं. प्रश्नापेक्षा ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

शाळा सुरू झाली तशी नवीनच पंचाईत झाली. सकाळपासून तो पाण्याचा घोट घेईना. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागणार, आणि न्यायला कुणाला तरी सांगावं लागणार. ते सांगणं त्याच्या अगदी जिवावर यायचं. माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला त्याला चालत नसे. ताठा माझाच आहे, दुसरीकडून कुठून येणार! मग मी शिलाईचं दुकान बंद ठेवून शाळेच्या ओट्यावर बसायला लागले. तरी मला हाक मारायलाही वर्गात कुणाला तरी सांगावं लागणार, म्हणून तो कोरडाच राहायचा, आणि व्हायचं ते झालंच. लघवीची जळजळ सुरू झाली, ताप चढला, डॉक्टर माझ्यावर चिडले आणि मी घरी येऊन त्याच्यावर चिडले.

"काहून नाई सांगत रे कोणाले? तोंड शिवलं काय तुयं?"



पुढे एक दिवस लग्नाघरचे ब्लाऊज द्यायचे होते म्हणून मला शाळेत पोचायला उशीर झाला. धावतपळत गेले, तर हा वर्गात निवांत बसलेला, पाण्याची बाटली रिकामी. खुर्ची ढकलत घरी निघाले तेव्हा म्हणाला, "आई, मी सरले म्हटलं, मले बाथरूमले नेता का? सर आले, दोन पोरं आले. कोणीच हासलं नाई." जरा थांबून म्हणाला, "शनिवारी गुलगुले करजो."

"कायले?"

"माह्या नावाचे. मी नवीन शिकलो ना."

शनिवारी सकाळी गुळाच्या पाण्यात कणीक भिजवली आणि कढईसमोर उभी राहून ढसाढसा रडले. गुलगुले मात्र चांगले झाले होते.

केंद्रात त्यानं डबा उघडला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्याचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. त्या आजींनीच विचारलं, "काय जमलं बापा तुले?"

"मांगनं जमलं," तो ताठ बसून म्हणाला. "मदत मांगनं."

टाळ्या वाजवाव्या की नाही, हे कुणाला कळेना. मग मॅडमनी वाजवल्या, पाठोपाठ सगळ्यांनी. इतरांची लेकरं शिकत होती ती कुणाची गरज पडू नये म्हणून. माझं लेकरू शिकलं होतं ते आता सगळ्यांची गरज पडणार म्हणून. मला त्याचा अभिमान वाटत होता आणि राग येत होता, कुणाचा ते मात्र कळत नव्हतं. टाळ्या मीही वाजवल्या.

परतीच्या जीपमध्ये तो भारी खुशीत होता. "आई, तू आता ओट्यावर नको बसत जाऊ. दुकान उघडत जाय."

"बरं."

"मी कायले शिकलो, सांगू? तू बुढी होशीन. मंग तू नसली का मले कोणाले तरी सांगाच लागन. आता येते मले सांगता. तू भेऊ नको."

म्हणजे माझ्यामागं आपलं कसं होईल, याची त्या पोरानं एकट्यानं तयारी केली होती. आमच्या दोघांत आधी कोण जाणार, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

"नाई भेत आता मी," म्हटलं.

त्याला ते खरं वाटलं.