सुट्टीत बोललेला नवस

हसा पोरांनो, हसून घ्या! डॉक्टरसाहेबांनी आज जवानांच्या लेक्चरमध्ये निरोधाचं पाकीट दाखवलं, तेव्हा तुम्ही खिदळलात. मीही मागच्या बाकावर बसून असाच खिदळायचो. चहा घ्या आणि माझी काय शोभा झाली ते ऐका.

बाहेर ड्युटीवर असताना एकदा परक्या बाईपाशी गेलो, चुकलो, तेही निरोधाशिवाय. त्यानंतर दिवाळीला फुलंब्रीला घरी जाऊन आलो. युनिटमध्ये परतलो आणि लघवीला ही आग! तपासणीत गुप्तरोग निघाला.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घे, बरा होशील. पण बायकोलाही तपासायला ने. त्रास नसला तरी आजार आत असू शकतो, पुढं मूल राहायला अडचण येते. तोवर तिच्यापासून लांब राहा."

पुन्हा सुट्टी काढून घरी गेलो. सीमेवर छाती काढून उभा राहणारा मी, पण मनीषासमोर, माझ्या बायकोसमोर, तोंड उघडेना! तिनं आत अंथरूण घातलं आणि मी काय बोलून बसलो?

"मी नवस बोललोय. फिटेपर्यंत बाहेर ओट्यावर झोपणार."

"कुणासाठी वो?"

"तुझ्यासाठी."

झालं! सकाळी आईनं माझं ताट वेगळं वाढलं. नवसात दाढी करायची नसते म्हणून चुलत्यांनी माझं दाढीचं सामान उचलून ठेवलं. शेजारच्या काकू पाया पडायला आल्या. मी लाजून पाय मागं घेतले, तर म्हणतात कशा, "लई निर्मळ माणूस हाय!" त्याच ओट्यावर भजनही ठरलं.

आणि मनीषा? तिनं एक वेळचं जेवण सोडलं.

"तुमी माझ्यासाठी एवढं करताव, मग म्या उपाशी ऱ्हायले तर काय बिघडलं?"

सांगा, घास उतरेल का घशाखाली? सुट्टी सरत चालली होती आणि तिची तपासणी तशीच राहिली होती.

भजनाच्या दिवशी चहा ठेवताना ती पोट धरून मटकन खाली बसली. बाहेर टाळ वाजत होते आणि मी स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं. तिनं उठून चहा गाळला आणि भजनकऱ्यांना नेऊन दिला. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शहराच्या बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. क्रांती चौकात उतरताना तिनं पिशवीसुद्धा माझ्या हातात दिली नाही. तिथून रिक्षानं छावणीतल्या लष्करी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरमॅडमनी तपासलं, गोळ्या दिल्या. "वेळेवर आणलंत, बऱ्या होतील. गोळ्या संपेपर्यंत वेगळे झोपा."

मी मूर्ख! विचारून बसलो, "म्हणजे अजून किती दिवस, मॅडम?"

तेव्हा कुठं मनीषा बोलली.

"मॅडम, यांच्या गोळ्या संपल्यात. यांचा नवस फिटला. आता म्या नवस बोललेय. माझा कवा फिटंल, ते यांना सांगू नका."

मागल्या सुट्टीलाही मी ओट्यावरच झोपलो. पाकीट डॉक्टरसाहेब फुकट देतात रे. आणि ओटा थंडीत लई गार असतो.