चांदीतली पिशवी

पलूसच्या पेठेत इलियासभाईंचं चांदीकामाचं लहानसं दुकान आहे. जोडवी, पैंजण, करगोटे घडवण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. अलीकडे मशीनचा तयार माल आला आणि त्यांच्या हाताला काम उरेना. तेव्हा विश्रामबागच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली त्यांची मुलगी सबा चित्रं घेऊन आली. नळ्यांसकट हृदयाचं पदक, कानातल्या इवल्या हाडाच्या आकाराचे डूल, फुप्फुसांचा लोलक. इलियासभाई रमले. हृदयाच्या शिरा तारेतून वळवताना त्यांना जेवायची आठवण राहायची नाही.

मग तिनं गर्भाशयाचं चित्र पुढं ठेवलं.

"हे नको," ते म्हणाले.

"अवघड हाय का, अब्बा?"

"अवघड न्हाई." पुढचं त्यांना मुलीसमोर बोलवेना.

सबा चित्र तिथंच ठेवून गेली. चार दिवसांनी त्यांनी ते पदक घडवलं, पण गिऱ्हाईक आलं की त्यावर फडकं टाकायचे.

विश्रामबागला हस्तकलेचं प्रदर्शन भरलं, तिथं बापलेकीनं टेबल मांडलं. नातीकडं आलेली बयाबाई त्यांना पाहून थांबली. पलूसजवळच्या धनगरवस्तीवरची ही म्हातारी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. तिनं नेमकं तेच पदक उचललं.

"इलियासभाई, ह्ये काय वं?"

"फूल हाय," ते खाली बघत म्हणाले. "जास्वंदीचं."

"लय नाजूक घडवलंय."

सबा शेजारीच होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, फूल न्हाई ते. बाईची पिशवी हाय. गर्भाची."

बयाबाईचा हात तसाच राहिला. "माजी काढली," ती म्हणाली. "बारका झाल्यावर पोटात दुखाय लागलं, तवा. कशी असती, कुणी दावली बी न्हाई. एवढीच असती व्हय?"

"खरी मुठीएवढी असते."

बयाबाईनं आपली मूठ मिटून पाहिली. मग पदक खाली ठेवलं आणि ती निघून गेली.

इलियासभाईंची कानशिलं तापली. मुलीच्या तोंडून त्या अवयवाचं नाव ऐकल्याचा संकोच होताच, पण त्या बाईला तिच्याच शरीराबद्दल आपण खोटं सांगितलं, हे जास्त लागलं. एसटीतून परतताना ते खिडकीकडं तोंड करून बसले.

"मी फूल म्हणालो," ते म्हणाले.

"ऐकलं मी," सबा म्हणाली. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

पुढच्या बाजाराला बयाबाई दुकानात आली. "तसली एक मला द्या. गळ्यात घालाय न्हाई, डब्यात ठिवीन."

त्यांनी नवीन घडवली, मुठीएवढी. देताना त्यांना तिच्याकडं बघता येईना.

"त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं, आक्का."

"व्हय," एवढंच ती म्हणाली. पिशवी रुमालात बांधून तिनं कनवटीला खोचली.

आता ते पदक दुकानाच्या काचेत असतं. कुणी विचारलं तर इलियासभाई खरं नाव सांगतात, पण अजूनही तेवढ्यापुरती त्यांची मान खाली जाते.