हिवाळे सरांचा बिनपडद्याचा बँजो

श्री. विश्वनाथ हिवाळे सरांशी माझी पहिली ओळख वादातून झाली. गौरवग्रंथात हे शोभत नसले तरी खरे आहे. हसनाबादच्या शाळेत मी मराठीची शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मधल्या सुट्टीत कार्यानुभवाच्या खोलीतून तारा छेडल्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर तो विषय शिकवणारे सर भोपळ्याला लांब दांडी बसवलेले काहीतरी मांडीवर घेऊन वाजवत होते. विचारल्यावर म्हणाले, "बँजो." मी लगेच शहाणपण पाजळले, "बँजोला दाबायच्या कळा असतात सर, वरातीत शंभरदा पाहिलाय."

"तुमचं बी बराबर हाय मॅडम," सर हसले. "पन हा त्याच्या लई आधीचा. बसा, डबा खाल्ला का?"

डबा राहिला आणि मी ऐकत बसले. तरुणपणी सरांनी एका ग्रंथालयात चित्र पाहिले होते. अमेरिकेत गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांच्या हातात भोपळ्याचे वाद्य होते. सरांनी ते वहीत उतरवून घेतले आणि पुढे स्वतः घडवले. वाळलेला कडू भोपळा, त्यावर ताणलेले बोकडाचे कातडे, सागवानी दांडी. तारांच्या जागी घनसावंगीहून आणलेला, मासे धरायचा नायलॉनचा दोरा, तीन लांब आणि एक आखूड. दांडीवर सतारीसारखे पडदे मात्र नाहीत. सूर कुठे आहे ते बोटाने आणि कानाने शोधायचे. पुढे पुतण्याने संगणकावर हे वाद्य वाजवायची जुनी धाटणी दाखवली. नख वरून खाली मारायचे आणि पाठोपाठ अंगठ्याने आखूड दोरा छेडायचा. सर इतकी वर्षे नेमके उलटे वाजवत होते. निवृत्तीला आलेल्या या माणसाने मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतले.

मीही त्यांच्याकडे शिकू लागले. सोपे जावे म्हणून एकदा दांडीवर पेन्सिलने खुणा केल्या. सरांनी त्या खोडरबराने पुसल्या. मग म्हणाले, "रेघ बघून बोट ठिवलं की कानाला काम राहत न्हाई. आन् ज्यांनी हे पयल्यांदा केलं त्यांचं नाव-गाव बी काढून घेतलं होतं. त्यांना कोन रेघा मारून देनार? हे वाजवताना मला माझीच मानसं दिसतेत, मॅडम."

माझे यजमान अचानक गेले तेव्हा सरांनी दोन महिने माझे तास घेतले. मराठीच्या तासाला त्यांनी समास शिकवला की सुतारकाम, हे मी विचारले नाही. मुले पास झाली. मी परतले त्या दिवशी टेबलावर माझी हजेरीवही होती, तिला नवे कव्हर घातलेले होते.

त्या उपकाराची फेड मी कशी केली, हे आज सगळ्यांसमोर सांगायचे आहे.

सरांचे वाद्य कायम शाळेतच असे, घरी कधी जात नसे. कारण सरांचे वडील, दादा. तरुणपणी ते गावात हलगी वाजवत. मेलेली जनावरे ओढणे आणि कातडी सोलणे हेही त्यांच्याच माथी होते. धम्मदीक्षेनंतर त्यांनी ते काम सोडले, हलगी स्वतःच्या हाताने फोडली आणि घरात कातडे येणार नाही अशी शपथ घेतली. त्यासाठी त्यांना मार बसला, काम मिळेनासे झाले, पण ते मागे हटले नाहीत. सरांनी हे सारे मला सांगितले होते. पण मी जमीनजुमला असलेल्या घरातली. ऐकले होते, कळले नव्हते. इतक्या वर्षांनी म्हातारा विरघळेल, मुलाची कला ऐकून डोळे पुसेल, असे मला वाटले.

एका रविवारी सर जुन्या जालन्याला बाजाराला गेलेले. मी शाळेची किल्ली घेतली आणि वाद्य उचलून थेट त्यांच्या घरी गेले. दादा बाजेवर पडले होते. "दादा, सरांनी केलंय, ऐका," म्हणत मी वाजवायला लागले. दादांनी डोळे मिटले. त्यांची बोटे बाजेच्या कडेवर ठेका धरू लागली. मला वाटले, जिंकले. मग त्यांनी हात लांब केला, वाद्यावर दोन बोटांनी टिचकी मारली आणि हात झटकन मागे घेतला.

"कातडं हाय."

मी वाद्य मांडीवरून खाली ठेवले.

"पोरी, हे सोडताना आमी मार खाल्ला. तू ते घरात आनलं व्हय?" एवढे बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

सर आले तेव्हा त्यांच्या पिशवीत मांजरपाटाचे कापड आणि चिंचोके होते. दोन वर्षे ते दादांसाठी कातड्याविना बँजो करू पाहत होते. कापडावर चिंचोक्याच्या खळीचे थरावर थर देऊन पाहिले, सहा वेळा ते फसले. सातव्या खेपेला आवाज आला होता. आता फक्त चांगले कापड लावायचे राहिले होते. मला हे कुणी सांगितले नव्हते आणि मीही कुणाला विचारले नव्हते. सर एवढेच म्हणाले, "तुमी चांगल्या मनानं केलं, मॅडम." त्यांनी मला रागवायला हवे होते.

पुढच्या आठवड्यात कापडाचा बँजो तयार झाला. सर तो घेऊन बाजेजवळ बसले. "दादा, कापडाचा हाय. हात लावून बगा."

दादांनी हात लावला नाही. "आता नगं," म्हणाले. महिन्याभरात ते गेले. तो बँजो सरांनी खुंटीला टांगला आणि आजवर वाजवलेला नाही.

हा लेख लिहू का, असे विचारायला मी परवा सरांकडे गेले. आता त्यांचा डावा हात थरथरतो, सूर निसटतो. त्यांनी खुंटीवरच्या बँजोकडे पाहिले. मग म्हणाले, "लिहा. पन दादा चुकले असं कुठं दिसाया नगं."

दादा चुकले नव्हते. मी चुकले.

सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या हातांची थरथर थांबो, कान असेच जागे राहोत आणि त्यांना भरपूर, निरोगी वर्षे मिळोत. त्यांतल्या एखाद्या दिवशी त्यांनी खुंटीवरचा कापडाचा बँजो खाली घ्यावा. मला बोलावू नये. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकेन.