मोकळ्या पाठीची मैना

वैजनाथला आभार मानायची खोड होती आणि इतकी वर्षं पुण्यात काढूनही ती सुटलेली नव्हती. रिक्षावाल्याने नाही म्हटलं तरी तो "बरं झालं, बोललात तरी" म्हणून पुढे व्हायचा. बांधकामावर माल चढवणाऱ्या ज्या लिफ्टने त्याचा पिढीजात धंदा बुडवला, तिच्याबद्दलही त्याने कधी वाकडा शब्द काढला नाही. "जनावरांच्या पाठी वाचल्या की," एवढंच तो म्हणे.

गंगाखेडकडून तो गाढवं घेऊन आला तेव्हा खराडीत शेतं होती आणि शेतांत प्लॉट विकण्याच्या पाट्या होत्या. देशाने जगाला दार उघडल्याचं पेपरात छापून येत होतं. दार उघडल्यावर जग आत आलं, जगाला बसायला कचेऱ्या लागल्या, कचेरीतल्या माणसांना झोपायला फ्लॅट लागले आणि या सगळ्याला वाळू लागली. ती वाळू वैजनाथच्या गाढवांनी चढवली. निदान तिसऱ्या मजल्यापर्यंत तरी आपली प्रगती गाढवाच्या पाठीवरूनच गेलेली आहे. त्याच्या वर लिफ्ट आली, आणि लिफ्ट वरचं करते तर खालचंही करील, हे ठेकेदारांच्या हळूहळू लक्षात आलं.

मग वैजनाथने जेजुरीच्या बाजारात गाढवं विकली. सगळी विकली, फक्त मैना ठेवली. मैना कळपाची म्होरकी होती. ती निघाली की बाकीची मागे निघत, ती वळली की वळत. तिला गिऱ्हाईक आलं नव्हतं असं नाही. वैजनाथनेच त्याला तिचे दात बघू दिले नाहीत.

ज्या सोसायटीच्या वाळूच्या खेपा त्याने टाकल्या होत्या तिथेच त्याला वॉचमनची नोकरी मिळाली, आणि गेटजवळची खोली मिळाली. बायको सुंदराबाई वरच्या काही घरांत पोळ्या करायला जाऊ लागली. इमारतीच्या मागे उद्यानासाठी राखीव जागा होती. तिथे गाजरगवत होतं, फुटलेल्या फरशा होत्या, आणि एका कडुलिंबाखाली मैना होती. वैजनाथ त्याबद्दल बिल्डरचे, सोसायटीचे आणि कडुलिंबाचे सारख्याच मनाने आभार मानी.

घोटाळा झाला तो दुसऱ्या मजल्यावरच्या भाग्यश्रीमुळे. म्हणजे खरं तर अमेरिकेमुळे. भाग्यश्री एका कंपनीत प्रोजेक्ट सांभाळायची आणि संध्याकाळी घरून अमेरिकेतल्या साहेबांशी फोनवर मीटिंग करायची. एके दिवशी काम वेळेत होईल का, असं साहेबांनी विचारलं आणि तेवढ्यात खिडकीखाली मैना ओरडली. चांगली दमसास लावून ओरडली. मग साहेबांनी विचारलं, की हे टीममधलं कोण बोललं, आणि त्यांची अडचण नेमकी काय आहे?

भाग्यश्रीने तक्रार केली. सेक्रेटरी अनिरुद्ध हाही आयटीतलाच. त्याने तक्रारीला बळकटी यावी म्हणून तिच्यात भर घातली, की जनावर कुणाला आवरत नाही, उद्या पोरांना लाथ मारील, तेव्हा ते हलवावं. कमिटीत मतं समसमान पडली. राहिले अध्यक्ष गोपाळकृष्ण दामले.

दामले पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुलाने खराडीत फ्लॅट घेतला म्हणून शनिवार पेठ सोडून आलेले, पण भाजीला अजून पीएमटीने मंडईत जात. खराडीत मिळते ती भाजीसारखी दिसते, असं त्यांचं मत होतं. त्यांनी वैजनाथला बोलावून घेतलं.

"तुमचं जनावर लाथा मारतं का?"

"न्हाई सायेब."

"चावतं?"

"न्हाई."

"तुम्ही नाहीच म्हणणार. ते म्हणतात मारतं, तुम्ही म्हणता नाही. ऐकीव गोष्टींवर मी मत देत नाही."

उपाय सुंदराबाईने काढला. लोणी काळभोरला रविवारी गाढव-खेचरांचा मेळावा होता. जनावरांवर फुकट उपचार करणारी एक संस्था तो भरवायची. त्यात शर्यती नव्हत्या. खुरांची निगा, अंगाची निगा, आणि 'हाताळणी' अशा स्पर्धा होत्या. हाताळणीत जनावराला काठी न दाखवता गर्दीतून, फळीवरून, प्लॅस्टिकच्या कागदावरून चालवून आणायचं.

"घेऊन जा की तिला," सुंदराबाई म्हणाली. "अध्यक्षांनाबी न्या. डोळ्यांनी बघतेत मग."

वैजनाथने भीत भीत विचारलं. दामल्यांनी चष्मा पुसला. "येतो. रविवारी संध्याकाळी मीटिंग आहेच. माणसांत नीट वागली तर राहील, नाही वागली तर जाईल. आणि तिकडे मेथी स्वस्त असेल."

"लै उपकार झाले, सायेब."

"अजून काही झालेलं नाही."

रविवारी सकाळी टेम्पो निघाला. मागे मैना, तिच्यापाशी वैजनाथ, पुढे ड्रायव्हरशेजारी मंडईची कापडी पिशवी मांडीवर घेतलेले दामले. मैना तोंड मागे करून उभी होती आणि सुटत चाललेला रस्ता नीट पाहत होती. त्याचा अर्थ तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही.

मैदानावर मांडव होता, बँड होता, वडापावची गाडी होती. थेऊरच्या वीटभट्टीवरचा संपत आपलं खेचर घेऊन आला होता. खेचराच्या गळ्यात घुंगरं, कपाळावर लाल गोंडे, अंगाला तेल. त्याने मैनेकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पावणं, हिला स्पर्धंला आणलंय का दवाखान्यात?"

"स्पर्धेला."

"मग मावशीला खुर्ची द्या कुणीतरी! उनात हुबी हाय कधीची."

लोक हसले. वैजनाथही हसला. मावशी म्हणाला, म्हणजे नातं तरी लावलं, असा त्याने हिशेब केला. मैनेच्या पाठीवर त्याने सुंदराबाईने धुऊन दिलेली गोणी टाकली होती. रिकामी का असेना, पण पाठीवर गोणी असली की मैना कामाच्या माणसासारखी दिसते, असं त्याला वाटे.

रिंगणाच्या तोंडाशी दीक्षा नावाची तरुण डॉक्टर उभी होती. परीक्षक तीच होती. "काका, पाठीवर काही नको हं. नियम आहे. सगळ्यांनी पाठी मोकळ्या करा."

रांगेतल्या सगळ्यांनी आपापल्या जनावरांवरच्या झुली, गोण्या उतरवल्या. वैजनाथने मैनेची गोणी काढली, घडी करून खांद्यावर टाकली, आणि तिला आता आत न्यायचं म्हणून कौतुकाने तिच्या पुठ्ठ्यावर दोन थापा मारल्या.

थापा मारल्या आणि त्याने घाईघाईने दोरी घट्ट धरली.

कारण वाळूच्या धंद्यात गोणी उतरवून पुठ्ठ्यावर दोन थापा मारणं याला एकच अर्थ होता: काम संपलं, घरी जा. इतकी वर्षं रोज संध्याकाळी त्याने हेच केलं होतं. गाढवं पुढे घरी जात, माणसं मागून बिडी ओढत येत.

मैनेने कान उभे केले, दोरीला एक सरळ हिसका दिला आणि ती वळून चालू लागली. धावली नाही, उधळली नाही. कचेरी सुटलेला कारकून निघतो तशी निघाली. मांडवाच्या खांबाला वळसा घालून, बँडवाल्यांच्या मधून, वडापावच्या गाडीला अंग न लावता ती फाटकाबाहेर पडली. रांगेतली बाकीची गाढवंही कुठल्या ना कुठल्या वाळूवरचीच होती, त्यांच्याही पाठी आत्ताच मोकळ्या झाल्या होत्या, आणि पुढे चालणारी म्होरकी ओळखायला गाढवाला कुणी शिकवावं लागत नाही. ती एकामागोमाग एक निघाली. सगळ्यात शेवटी घुंगरं वाजवत संपतचं खेचर.

"आरं, माझं कुटं निघालं!" संपत ओरडला. "ए मावशी! आरं धरा की मावशीला!"

"मंडळी, कृपया जागेवर थांबावे," माइकवरून विनंती झाली. मंडळी थांबली. गाढवं गेली.

सोलापूर रस्त्याला लागून मैना हडपसरच्या दिशेने वळली. वैजनाथ मागे पळत होता आणि पळता पळता त्याला कळत होतं, की तिला थांबवायला आपल्यापाशी शब्दच नाही. या धंद्यात चल म्हणायला शब्द होता, वळ म्हणायला होता, पण ते पाठीवर ओझं असतानाचे. थांबायचं ते वाळूच्या ढिगापाशी, तिथे कुणी सांगावं लागत नसे. घरी निघालेल्या गाढवाला तर कुणी कधी अडवलंच नव्हतं. ती थांबेल ती एकाच गोष्टीने: पाठीवर पुन्हा वजन पडलं तर. खांद्यावरची गोणी पळताना कुठे पडली, कुणास ठाऊक.

मैनेची पाळी यायच्या आत भाजी घेऊन टाकावी म्हणून बाहेर पडलेले दामले रस्त्याच्या कडेला कांदे-मेथी पिशवीत नीट लावत उभे होते. समोरून मैना येताना त्यांना दिसली, आणि तिच्यामागे रांग.

"सायेब! पिशवी टाका! तिच्या पाठीवर पिशवी टाका!"

"का?"

"आधी टाका, मग सांगतो!"

"कारण कळल्याशिवाय मी टाकत नाही."

तोवर मैना त्यांच्यापुढून गेलीसुद्धा. एक उसाचा ट्रॅक्टर बाजूने धडधडत गेला. ती त्याला जागा देऊन कडेला सरकली आणि मागची सगळी तशीच सरकली. दामल्यांनी ते पाहिलं. मग त्यांनी धोतर नव्हे, पण पँट जराशी वर घेतली, आणि शनिवार पेठेत जन्मात न केलेली गोष्ट केली: ते गाढवामागे पळाले. पिशवी मैनेच्या पाठीवर टेकवली आणि घसरू नये म्हणून हाताने धरून ठेवली.

मैना जागच्या जागी उभी राहिली. मागची रांगही थांबली.

"आता कारण सांगा," दामले धापा टाकत म्हणाले.

"तिला वाटलं सुट्टी झाली, सायेब. माझीच चूक. मी थापा मारल्या."

"हात काढू?"

"नगा! हात काढला की निघंल ती."

त्यामुळे परतीचा रस्ता दामल्यांना पिशवी धरून मैनेच्या बरोबरीने चालावा लागला. वैजनाथने जिभेने टक् केलं, मैना वळली, रांग वळली. रिंगणात शिरल्यावर खेप कुठे टाकायची ते कुणी न सांगितल्यामुळे ती प्लॅस्टिकवरून, फळीवरून, बँडसमोरून सरळ पलीकडच्या टोकाला गेली आणि उतरवून घ्यायची वाट पाहत उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात संपतने वाजवल्या. "आजोबा, मेथी बघा, मेथी!" कुणीतरी म्हणालं. वाटेत कुठेतरी मैनेने मान वळवून अर्धी जुडी संपवली होती.

दीक्षाला हसू आवरत नव्हतं. "काका, सुंदर चालली. पण बाद करावं लागेल हो. पाठीवर वजन होतं, आणि रिंगणातून बाहेर गेली."

"बरोबर हाय, मॅडम. तुमचे आभार."

येताना टेम्पोत वैजनाथ मैनेच्या मानेला टेकून उभा होता. नंबर गेला त्याचं त्याला काही नव्हतं. पण ज्या एका माणसापुढे तिने नीट वागायचं होतं, त्याच्याच देखत तिने अख्खा मेळावा उठवून रस्त्यावर आणला होता. त्याला पळायला लावलं होतं. आता मैनेला कुठे न्यायचं, गंगाखेडला भावाकडे की जेजुरीला, याच्यापलीकडे त्याचं डोकं चालत नव्हतं. पुढे दामले उरलेली मेथी पिशवीत नीट लावत होते.

संध्याकाळी कमिटी पार्किंगमध्ये जमली. वैजनाथ खांबाशी उभा राहिला. बातमी आधीच पोचली होती.

"सर, लोणीला तर फुल स्टॅम्पीड झाला म्हणे," अनिरुद्ध म्हणाला. "म्हणजे इश्यू क्लिअर आहे ना?"

"तुम्ही होता तिथे?"

"नाही, पण..."

"मी होतो. माझी मेथी होती." दामल्यांनी पाय खुर्चीखाली घेतले, ते दुखत असावेत. "तक्रार अशी, की जनावर आवरत नाही. मी पाहिलं ते असं. बँड वाजत होता, ट्रॅक्टर जात होते. तिने कुणाला लाथ मारली नाही, धक्का दिला नाही. रस्त्याच्या कडेने, रांगेत चालली. आपल्या पार्किंगमध्ये कुणी रांगेत गाडी काढलेली मी अजून पाहिलेली नाही."

"पण सर, ती पळून गेली ना?"

"पळाली नाही, चालत निघाली. काम संपलं असं तिला वाटलं, म्हणून घरी निघाली. तुमच्यात कुणी काम संपल्यावर घरी येतं का?"

"सर, डेडलाइन असते," अनिरुद्ध म्हणाला.

"असू दे. आता मुद्दा असा, की घरी म्हणजे कुठे? पंधरा-सोळा किलोमीटरवरून ती निघाली ती इकडे यायला. तिचं घर आपल्या इमारतीच्या मागे आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मला स्वतःला अजून कुणी घर विचारलं तर तोंडात शनिवार पेठ येते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ज्याला आपलं घर इतकं नीट माहीत आहे, त्याला घराबाहेर काढायच्या ठरावावर मी सही करणार नाही. माझं मत विरोधात. ठराव पडला."

"आणि माझे कॉल्स?" भाग्यश्रीने विचारलं.

"ती दिवसातून एकदा ओरडते आणि थांबते. तुमचा कॉल तासभर चालतो. तरी ती तक्रार घेऊन आलेली नाही."

यावर भाग्यश्रीच हसली. "बरं बाबा, मी खिडकी लावून घेत जाईन."

सगळे उठले तसा वैजनाथ पुढे झाला. हात जोडले, पण रोज ज्याचे त्याचे सहज आभार मानणाऱ्या त्या माणसाला या वेळी शब्द फुटेना. दामले अवघडले.

"राहू द्या. मला त्याची सवय नाही. तिला संध्याकाळी पाणी दाखवलंत का?"

"दाखवतो, सायेब."

मागे कडुलिंबाखाली सुंदराबाई मैनेपुढे कडब्याची पेंडी सोडत होती. तिने वर पाहिलं.

"नंबर आला का?"

"न्हाई. बाद केलं."

तिचा हात थांबला. "आणि इथलं?"

"राहायचं म्हणले. घर हाय म्हणले तिचं."

सुंदराबाईने पदराने तोंड पुसलं, पेंडीचा बंद सोडून सगळा कडबा मैनेपुढे मोकळा केला, आणि वैजनाथला म्हणाली, "उभे कामून? बसा की जरा. तुमीबी दिसभर चाललाव."