कासिल्दा, राजपुत्राची दूधआई

उत्तर स्पेनमधल्या पास नदीच्या डोंगरातल्या बाया माद्रिदच्या राजवाड्यात दूध पाजायला जात, आणि अख्ख्या खोऱ्याला त्याचा कोण अभिमान! तख्ताचा वारस म्हणे डोंगरातल्या दुधावरच पोसायला हवा. त्या बायांची स्वतःची तान्ही कुणाच्या दुधावर वाढतात, हे मात्र कुणी विचारत नसे.

गावात आलेल्या राजवैद्यानं कासिल्दाचे दात पाहिले, दुधाचा थेंब नखावर घेऊन पाहिला आणि मान डोलावली. तिची फेर्मीना तेव्हा नुकती हसायला लागली होती. नवरा हरखून गेला. घराला मानाची पदवी मिळणार, कर माफ होणार! कासिल्दाची धाकटी बहीण बेनिता हिचं मूल नुकतंच जन्मतःच गेलं होतं आणि तिला दूध येत होतं. फेर्मीनाला तिच्या पदरात घालताना कासिल्दाचा हात निघेना.

"आई मीच हं हिची. तिला सांगत जा."

"सांगेन गं बाई. आधी तिला कळायला तर लागू दे," बेनिता म्हणाली.

वाटेत दूध आटू नये म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे नवऱ्यानं कुत्रीचं एक पिल्लू बरोबर दिलं. खेचरावर बसून धुक्यातून उतरताना ते पाजायला छातीशी धरलं की कासिल्दा डोळे मिटून घेई. मिटल्या डोळ्यांना ती फेर्मीनाच वाटे.

राजपुत्र सोनेरी पाळण्यात काही केल्या झोपेना. शेवटी कासिल्दानं डोंगरातल्या बाया करतात तेच केलं. गावाहून आणलेली विणलेली टोपली पाठीला बांधली, बाळाला तीत ठेवलं आणि तसबिरींच्या लांबलचक दालनात फेऱ्या घालू लागली.

"अगं अगं! तख्ताचा वारस आहे तो, कोबीचा गड्डा नव्हे!" देखरेखीवरच्या उमराव घराण्यातल्या मार्केसाबाई किंचाळल्या.

"हळू, बाईसाहेब. आत्ताच डोळा लागलाय. उठला तर तुम्हीच निजवा मग."

मार्केसाबाईंनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि मुकाट्यानं दालनाची दारं लावून घेतली.

मग रोजच दुपारी ती फिरू लागली. भिंतीवर राजामागून राजा. सगळ्यांची हनुवटी तीच, पुढे आलेली. गुरं राखणाऱ्या घरातल्या बाईला त्यात नवल कसलं?

"नात्यातल्या नात्यात किती लग्नं करावीत माणसानं," ती पाठीवरच्या बाळाशी पुटपुटे. "आमच्याकडे वळूसुद्धा पलीकडच्या खोऱ्यातून आणतात रे!"

उन्हं तिरपी झाली की ते राजे पेंगायला लागल्यासारखे दिसत. पायाखालचा संगमरवर हळूहळू मऊ होई, ओल्या गवताचा वास येई, कुठून तरी गाईंच्या घंटा ऐकू येत. पाठीवर कोण आहे, राजपुत्र की फेर्मीना, हे तिला कळेनासं होई, आणि कळून घ्यावंसंही वाटत नसे. परक्याच्या पोरावर तिचा जीव जडला. तिला त्याची लाज वाटे. पण जडला तो जडलाच.

दूध तोडायची वेळ आली तेव्हा तिला मखमलीचा झगा आणि पोवळ्यांची माळ देऊन निरोप दिला. मूल रडेल म्हणून त्याला शेवटचं बघूही दिलं नाही. बंद दाराआड तो तिला हाका मारत होता, आणि ती रिकाम्या हातांनी जिना उतरत होती.

गावात चर्चच्या घंटा वाजवून स्वागत झालं. नवरा आता सगळ्यांशी छाती काढून बोलत होता. कासिल्दा कुणाकडे न बघता थेट बेनिताच्या दारात गेली. फेर्मीना बेनिताच्या घागऱ्याआड लपली आणि तिनं तो दोन्ही मुठींनी घट्ट धरला.

"मी सांगत होते गं, देवाशपथ रोज सांगत होते," बेनिता म्हणाली. "घेऊन जा तिला. तुझीच आहे." तिनं पोरीच्या मुठी सोडवायला हात लावला, पण तो हात तिथंच थांबला.

"आई, ही कोण?" फेर्मीनानं वर बघत बेनिताला विचारलं.

कासिल्दा मखमलीसकट चिखलात गुडघ्यांवर बसली. मांडीवर ओढून घ्यावं, एवढ्या जवळ लेक होती.

"मी तुझी मावशी," कासिल्दा म्हणाली.