न घेतलेले दोन पास

बाई बोट वर करायच्या. उजवा हात कोपरात न वाकवता सरळ आभाळाकडे, तर्जनी ताठ, आणि खड्या आवाजात "बाद!" मैदानावरचा पंच त्यानंतर क्षणभरानं तोच निर्णय द्यायचा. मग बाई शेजारच्याकडे वळून म्हणायच्या, "याला जरा वेळ लागतो."

हे चालायचं व्हँकुव्हरमधल्या एका जुन्या बेसबॉल मैदानावर. स्टँड लाकडी, बाकंही लाकडी. कॉलेज सांभाळून मी तिथं तिकीट खिडकीत बसते. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून बाईंनी पहिल्याच दिवशी काचेतून विचारलं, "सोलापूरची का गं?"

"हो! कसं ओळखलं, काकू?"

"आडनावावरून. खो-खोत तुमच्याकडच्या मुली फार चिवट. आणि काकू नको. एकतीस वर्षं सगळं नागपूर मला बाई म्हणून राहिलं, तूही बाईच म्हण."

नागपूरच्या एका शाळेत त्या खेळ शिकवायच्या आणि सुटीच्या दिवशी खो-खोच्या सामन्यांना पंच म्हणून जायच्या. निवृत्तीनंतर मुलाकडे आल्या. परदेशात मुलांकडे राहणाऱ्या आया तुम्हीही पाहिल्या असतील. दुपारी खिडकीशी बसतात आणि रस्त्यावरच्या गाड्या बघतात. बाईंनी तीन आठवडे गाड्या पाहिल्या. चौथ्या आठवड्यात मैदानातून येणाऱ्या आरोळीच्या दिशेनं चालत निघाल्या आणि आमच्या फाटकाशी पोचल्या.

बेसबॉल त्यांना कोणी शिकवला नाही. "इथंही नऊ, तिथंही नऊ. नऊ म्हटले की आपलेच," असं त्यांचं म्हणणं.

फाटकाजवळच्या फळ्यावर रोज खडूनं लाइनअप लिहितात, म्हणजे कोण कितव्या क्रमानं फलंदाजीला येणार ते. बाई कमरेवर हात ठेवून त्यापुढं उभ्या राहायच्या. खो-खोत पळणारे तिघातिघांच्या तुकडीनं उतरतात आणि पहिल्या तुकडीत कोण हे ठरवण्यात निम्मा सामना असतो. त्या हिशेबानं बाई हा फळा तपासायच्या, वही तपासावी तशा.

त्यांच्या शेजारी एक निवृत्त सुतार बसायचा, तिथला तीस वर्षांचा प्रेक्षक. तो बाईंना "कोच" म्हणायचा. तिसऱ्या डावात खिडकी बंद झाली की मीही त्या बाकाच्या टोकाला जाऊन बसायचे. दोघांचं भांडण ऐकण्यासारखं असायचं.

"नंबर फोर टायर्ड," बाई म्हणायच्या. "सी हिज नी."

"कोच, ही इज अवर बेस्ट हिटर!"

"बेस्ट, बट टायर्ड. टुडे सेंड हिम सेव्हन्थ."

चौथा त्या दिवशी तिन्ही वेळा बाद झाला. बाईंनी सुताराच्या तळहातावर चिवडा ठेवला आणि मला मराठीत म्हणाल्या, "हरलेल्याला उपाशी ठेवू नये."

त्या वर्षी बातमी आली, की हंगाम संपला की लाकडी स्टँड पाडणार. बाकांच्या जागी रुंद खुर्च्या येणार आणि बाईंच्या बाजूला कंपन्यांच्या पार्ट्यांसाठी उंच सज्जा. माझं डोकं फिरलं. लोकांना उठवायचं आणि जाहिरातीत त्याला नवा 'अनुभव' म्हणायचं! मी तासभर बोलले. बाईंनी ऐकून घेतलं.

"लाकूड कुजलं असेल तर काढावंच लागतं गं," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं शेजारी बसलेली माणसं परत शेजारी बसवतील का, ते विचार त्यांना."

ते मी विचारलं नाही. मी दुसरीच लढाई काढली होती.

मैदानावर काम करणाऱ्या आम्हा प्रत्येकाला मोठ्या सामन्याचे दोन फुकट पास मिळतात. ते ओळखीपाळखीत जातात आणि सकाळपासून रांगेत उभी असलेली माणसं हात हलवत परत जातात. मी ज्या घरात वाढले तिथं वशिला हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. चळवळीची पत्रकं घडी घालायला मी अक्षरओळख व्हायच्या आधी शिकले. तेव्हा इथंही मी एक पानी पत्रक लिहिलं आणि स्टाफच्या वॉशरूमबाहेर चिकटवलं: आपले पास परत करा, ती तिकिटं रांगेतल्या माणसांची आहेत. माझे दोन मी घेतलेच नाहीत. फार बरं वाटलं होतं मला.

जुन्या स्टँडमधला शेवटचा सामना रविवारी होता. ॲपवरची तिकिटं दहा मिनिटांत संपली. बाईंचा मुलगा काढणार होता, तो नेमका मीटिंगमध्ये अडकला. मंगळवारी बाई खिडकीशी आल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली होता.

"पोट्टे, तुम्हाला दोन पास मिळतात म्हणे. सुतारबुवा सांगून राहिले होते."

मी गल्ल्यातली सुटी नाणी मोजायला घेतली.

"माझ्यासाठी नाही मागत. मुलगा येतो म्हणाला यावेळी. तू तिकिटं मिळव, मी येतो म्हणाला." त्या काचेवर बोटानं रेघ ओढत होत्या. "तो शाळेत होता तेव्हा मी सामने घेत गावोगाव फिरायचे. घरी यायची ती दमलेली, चिडलेली आई तेवढी त्यानं पाहिली. मैदानावरची पाहिलीच नाही. एकदा पाहू दे म्हटलं."

तुम्ही म्हणाल, यात विचार करण्यासारखं काय होतं? मीही आता तेच म्हणते. पण त्या दिवशी मी म्हणाले, "बाई, ओळखीवर पास द्यायचे नाहीत, असं मीच लिहून लावलंय. रविवारी सकाळी खिडकीवर चाळीस तिकिटं येतील. रांगेत मिळतील."

माझा स्वर मला आठवतो. सभेतला होता.

बाईंनी काचेवरचं बोट काढून घेतलं. "बरोबर आहे तुझं. पंचाची ओळख म्हणून कोणाला नाबाद देत नाहीत." मग म्हणाल्या, "रांग किती वाजता लागते?"

रविवारी मी पोचले तेव्हा त्या रांगेत होत्या. बाराव्या. पायात खेळाचे पांढरे बूट, गळ्यात शबनम पिशवी, हातात थर्मास. मागच्या पोरांना पोहे देऊन झाले होते. मला पाहून त्यांनी हात केला, पण ओळख दाखवल्यासारखा नाही. रांगेतल्या माणसानं खिडकीतल्या माणसाला करावा तसा, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

एकाला चारच तिकिटं देता येत होती आणि प्रत्येकानं चारच घेतली. दहाव्या माणसापाशी चाळीस संपली. नियमाप्रमाणं मी पाटी लावली.

बाई तरीही काचेशी आल्या. "संपली?"

"संपली, बाई."

"दोन माणसांनी हुकलं," असं म्हणून त्या हसल्या. "जाऊ दे. तू काय करशील? मुलाला फोन करते, येऊ नको म्हणून."

तिसऱ्या डावात खिडकी बंद करून मी आत गेले. स्टँड गच्च भरला होता. खालच्या रांगेत पासवाल्यांचा बाक असतो. त्यावर मधेच दोन जागा रिकाम्या होत्या. मी मॅनेजरला विचारलं, या कोणाच्या?

"तुझ्याच," तो म्हणाला. "तू घेतल्या नाहीस ना."

"मग खिडकीवर का नाही आल्या?"

"पास विक्रीला येत नाहीत. कधीच."

न घेतलेले पास खिडकीवर येतात, हे मी गृहीत धरलं होतं. पत्रकात ठळक अक्षरात लिहिलं होतं. कोणाला विचारलं मात्र नव्हतं. वॉशरूमला जाणाऱ्या प्रत्येकानं माझं पत्रक वाचलं होतं आणि एकानंही मला सांगितलं नव्हतं. पण त्यांना दोष कशाला देऊ? मी पळत बाहेर गेले. फाटकाशी कोणी नव्हतं. बाईंचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. उरलेला सामना मी फाटकाशी उभी राहून काढला.

पुढं स्वतःची समजूत घालायला मला एक वाक्य सापडलं: मुलगा तसाही आला नसता. आजवर कधी आला होता? कामात असेल, मीटिंग असेल. हिवाळाभर ते वाक्य मी कोटासारखं वापरलं. बाई ऑक्टोबरमध्ये नागपूरला गेल्या होत्या. जायच्या आधी फाटकाशी येऊन गेल्या, तेव्हा हंगाम संपला होता आणि मी तिथं नव्हते.

यंदा वसंतात एक चाळिशीचा माणूस खिडकीशी आला. एक तिकीट घेतलं आणि माझ्या बिल्ल्याकडे पाहत मराठीत म्हणाला, "आई तुमच्याबद्दल फार बोलते."

"बाई कधी येणार आहेत?"

"नाही येणार आता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यात हृदयाचं निघालं. इथला विमा मिळत नाही." त्यानं नंबर लिहून दिला. "फोन करा. तिला आवडेल."

नंबर पाच दिवस माझ्या पाकिटात पडून होता. सहाव्या दिवशी इथल्या संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, लावला.

"कोण? सोलापूर?" आवाज तसाच खडा. "काय करून राहिली गं? नवा स्टँड कसा आहे?"

"वाईट आहे, बाई. तुमच्या बाकाच्या जागी लोक उभ्यानं बिअर पितात. मैदानाकडे पाठ करून."

"आणि सुतारबुवा?"

"लांब पलीकडे बसतात. एकटेच."

"हं."

मग मी बोलले. एका दमात, काही न सावरता. पत्रक, माझा गैरसमज, न घेतलेले पास. त्या दिवशी दोन जागा रिकाम्या होत्या, बाई. शेवटपर्यंत.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. बाईंनी ती होऊ दिली.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"मुलगा आला होता ना. मी फोन करेपर्यंत निघालाही होता. आलाच आहे तर दाखवते म्हटलं. बसस्टॉपच्या मागं कुंपणाला फट आहे, तिथून पाहिलं दोघांनी एक डाव. तिथून पासवाल्यांचा बाक समोरच दिसतो. तो म्हणाला, आई, दोन जागा रिकाम्या दिसतात, फाटकावर विचारून येऊ का?"

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं नको. तिथं आपली एक पोट्टी आहे. तिची पंचाईत होईल."